शिवसागराच्या पाण्यावरून वासोट्याच्या रानात

वासोट्याला जायचं तर आधी पाणी ओलांडावं लागतं. सकाळी लाँच, मग वनखात्याच्या नाक्यावर नोंद, तिथून वाटाड्याच्या मागोमाग दाट रानातली चढण, माथ्यावर तास-दीड तास आणि ऊन कलायच्या आत पुन्हा काठावर. किल्ला कोयना अभयारण्याच्या पोटात आहे, गडावर मुक्काम करू देत नाहीत, त्यामुळे सगळा कार्यक्रम एका दिवसातच बसवावा लागतो. अलीकडे परतल्यावर त्याच तलावात कयाक चालवण्याचीही सोय झाली आहे. सह्याद्रीत चालायला वाटा पुष्कळ आहेत, पण धरण, रान, किल्ला आणि कोकण यांचं आपसातलं नातं एवढ्या थोड्या तासांत समजावून देणारी दुसरी वाट मला माहीत नाही. अट एकच, ती वाट तिथल्याच माणसाबरोबर चालली पाहिजे.

आधी भूगोल नीट पाहू, कारण तो डोक्यात नसेल तर इथलं काहीच उलगडत नाही. कोयना महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णा तिथूनच निघून पूर्वेला उतरते, कोयना मात्र सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून सरळ दक्षिणेकडे जाते. पुढे हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या आसपास, कोयनानगरला, तिला अडवलं आहे. 103 मीटर उंचीचं हे धरण 1964 पर्यंत उभं राहिलं आणि मागची सगळी लांबोळकी दरी पाण्याने भरली. तोच शिवसागर. तापोळ्याला सोळशी आणि कांदाटी या नद्या येऊन मिळतात, तिथे पाणी तीन दिशांना फाटतं. वासोटा या पाण्याच्या पश्चिमेला, थेट सह्याद्रीच्या धारेवर उभा आहे. त्याच्या पाठीमागे जमीन संपते आणि कोकण सुरू होतं.

बामणोली, शेंबडी, तापोळा, मुनावळे अशा गावांतून लाँच मिळतात. बामणोली सर्वांत परिचित, तिथून पायथ्याला सव्वा ते दीड तास लागतो. आम्ही मुनावळे निवडलं. एक तर तिथून पाण्यावरचं अंतर कमी पडतं आणि दुसरं म्हणजे 2024 मध्ये राज्य शासनाने तिथे जलपर्यटन केंद्र सुरू केलं आहे, त्यामुळे उतरल्या-उतरल्या कयाकमध्ये बसता येतं. बरोबर माझा भाऊ आणि त्याच्या दोन मुली होत्या. थोरली बारावीत, धाकटी आठवीत. दोघींनाही पोहता येतं आणि दोघींनाही चालण्याची सवय आहे. हे मुद्दाम सांगते, कारण हा दिवस लहान मुलांना झेपेल असा नाही.

साताऱ्याहून अंधारातच निघालो. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर आलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जिथे फुलांसाठी रांगा लागतात, तिथे डिसेंबरात फक्त वाळलेलं गवत आणि काळा-तांबडा जांभा असतो. पठाराच्या कुशीतला कास तलाव साताऱ्याला पाणी पाजतो. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. म्हणजे सकाळच्या पहिल्या तासातच एका वारसास्थळावरून दुसऱ्यात उतरणं होतं. पठार संपलं की रस्ता खाली झेपावतो आणि डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं निळं पाणी दिसू लागतं.

आमचे वाटाडे मुनावळ्याच्या बाजूचेच, साठीच्या जवळचे. डोक्याला मफलर, हातात कोयता, पायात रबरी बूट. मुली त्यांना लगेच मामा म्हणू लागल्या आणि मग आम्हीही. लाइफ जॅकेटचे पट्टे त्यांनी प्रत्येकाचे स्वतः ओढून पाहिले आणि लाँच निघाली.

पहिली पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही. पाण्यावर धुकं होतं आणि इंजिनाचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत येत होता. मग मामांनीच हात लांब करून दाखवलं. ‘‘हितं खाली आमचं गाव. आमच्या आज्याची भाताची खाचरं व्हती नदीकडंला. पाणी चढाया लागलं तशी घरं उचलून वर न्हेली. आता वर नाचणी न् वरी.’’ धाकटीने विचारलं, ‘‘मग देऊळ?’’ ‘‘देव वर आणला. देऊळ ऱ्हायलं.’’

कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली काही माणसं अशी वर सरकली. बऱ्याच जणांचं पुनर्वसन रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशा लांबच्या जिल्ह्यांत झालं. वर सरकलेल्यांचे रस्ते बुडाले होते. पलीकडच्या काठावर सोयरीक असली तरी होडीशिवाय जाणं नाही, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं तर आधी पाणी. तरणी पोरं मुंबईला गेली. मुंबईच्या बाजारांतल्या माथाडी कामगारांमध्ये जावळी आणि पाटणची माणसं किती आहेत, हे तिथे वावरलेल्या कुणालाही माहीत असतं. गावच्या जत्रेला ती परत येतात, त्या दिवसांत लाँच भरून वाहतात. आपण पर्यटक म्हणून ज्या लाँचमध्ये बसतो ती या खोऱ्याची एसटी आहे, हे लक्षात ठेवून बसावं.

पाण्याच्या कडेने सगळीकडे तांबड्या मातीचा पट्टा दिसत होता. तलाव ऑगस्ट-सप्टेंबरात काठोकाठ भरतो, मग वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडत जातात तसतसा हा पट्टा रुंद होतो. मे महिन्यात एवढं पाणी आटतं की खालच्या गाळावर लोक पिकं घेतात. मामा म्हणाले की त्या दिवसांत जुन्या बांधांच्या रेघा दिसतात आणि म्हातारी माणसं आपापलं खाचर ओळखतात.

लाँच पश्चिमेच्या एका खाडीसारख्या फाट्यात शिरली. दोन्हीकडचं रान जवळ आलं, धुकं विरलं आणि समोर झाडीच्या वर वासोट्याचा माथा दिसला. इथे उतरायचं. या जागेचं नाव मेट इंदवली. मेट म्हणजे गडाच्या पायथ्याची चौकी, वाटेवर नजर ठेवणाऱ्या माणसांची वस्ती. आता तिथे वस्ती नाही, वनखात्याचा नाका आहे. वहीत नावं लिहिली, ओळखपत्रं दाखवली. पिशव्या उघडून प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेष्टणं मोजली गेली आणि त्यावर अनामत रक्कम घेतली. परत येताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे मिळतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक किल्ल्यावर ही पद्धत हवी असं मला मनापासून वाटतं. तिचा परिणाम वाटेवर दिसतो: वर जाऊन खाली येईपर्यंत मला एकही गुटख्याची पुडी दिसली नाही.

नाक्यापासून दहा मिनिटांवर ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे उघड्यावरचा मारुती आणि गणपती. इथे मामांनी सगळ्यांना थांबवलं. ‘‘आता पाच मिंटं कुणी बोलू नका. कान बसू द्या.’’ लाँचच्या इंजिनाने कान बधिर झालेले असतात, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या मिनिटात फक्त ओढा ऐकू येत होता. मग वाळक्या पानांची सरसर, मग दूरवर कुठल्या तरी पक्ष्याने अर्धवट गायलेल्या गाण्यासारखी लांबलचक शीळ. शीळकरी कस्तूर. हा निळा-काळा पक्षी ओढ्याकाठच्या सावलीत राहतो. त्याचं खरं गाणं पावसाळ्यातलं, पण हिवाळ्यातही सकाळी तो एखादी तान घेतो.

या अभयारण्याची घोषणा 1985 ची, क्षेत्र 423 चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. हे रान निमसदाहरित आहे. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथली मुख्य झाडं. त्यांत हिरडा, आंबा, फणस, ऐन मिसळलेले. अंजनीचं खोड बारीक आणि कणखर, पानं जाड, चकचकीत. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या फांद्यांना चिकटून निळी-जांभळी फुलं येतात. डिसेंबरात फूल नव्हतं, पण खाली सावली इतकी गडद की थोरलीने फोनचा कॅमेरा दोनदा उघडून बंद केला.

वाटेत एके ठिकाणी मामा बाजूला झाले आणि कोयत्याने वाळलेला पाला सारला. खाली दगडांची सरळ ओळ होती, घराचं जोतं. जरा पुढे एकाच अंतरावर उभे असलेले आंबे आणि फणस. जंगलातलं झाड असं रांगेत उगवत नाही, हे त्यांनी मुलींना विचारून विचारून काढून घेतलं. ‘‘माणसानं लावल्याबिगर फणस असा उभा ऱ्हात न्हाई.’’

याच गोष्टीसाठी मला वाटाड्या हवा असतो. वासोट्याचं रान म्हटलं की लोक ‘अस्पर्शित’ वगैरे म्हणून मोकळे होतात. ते तसं नाही. या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत होती, रान तोडून, राब भाजून नाचणी-वरीची कुमरी शेती करत होती, गुरं चारत होती. धरणाने खालची सुपीक जमीन घेतली, मग अभयारण्याने वरची गावं हलवली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर रान परत आलं. आज आपण ज्या गर्द सावलीत चालतो, तिच्यात त्या लोकांचं जाणंही आहे. रान वाचलं याचा आनंद आणि ती माणसं उठली याचं दुःख, दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं पुसू नये.

ओढा मागे पडला की चढ सुरू होतो. तलाव पूर्ण भरल्यावर त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 659 मीटर असते आणि किल्ल्याचा माथा साधारण 1170 मीटरवर आहे. म्हणजे पाचशे मीटरची चढण. नेहमी चालणाऱ्याला दोन तास, इतरांना अडीच-तीन. वाट मळलेली आहे, पण मुळांनी आणि सुट्या दगडांनी भरलेली. झाडीमुळे वारा लागत नाही, म्हणून थंडीतही घाम निथळतो.

प्राणी दिसतील या आशेवर इथे येऊ नये. हे उघड्या गवताळ रानासारखं रान नाही, वीस पावलांवरचा गवाही दिसणार नाही. पण खुणा जागोजागी असतात. वाटेच्या कडेला गव्याचं शेण, गाईच्या शेणासारखंच पण थापीचा घेर मोठा. अस्वलाने उकरलेलं वारूळ. एका साळलेल्या खोडावर उभे ओरखडे, ते बिबट्याचे. एका झाडाच्या दुबेळक्यात डांबरी रंगाचा मोठा गोळा लटकत होता. मुलींना ते मधमाश्यांचं पोळं वाटलं, पण ते झाडावरच्या मुंग्यांचं घर होतं. गंमत अशी की तांबड्या रंगाचा एक सुतार पक्षी याच मुंग्या खातो आणि अंडी घालायलाही याच घरात बीळ करतो.

शेकरू मात्र दिसलं. आधी वरून खडखड आवाजाची माळ ऐकू आली, मग एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाणारी झुपकेदार शेपटी. आपला राज्यप्राणी. त्याला सलग जोडलेलं पानांचं छत्र लागतं, कारण तो जमिनीवर सहसा उतरत नाही. मध्ये झाडं तुटली की त्याचा रस्ता तुटतो. शेकरू जिथे निवांत फिरतं तिथे रान जुळून आलेलं आहे, असं समजावं. वाघाचं विचाराल तर सह्याद्रीत तो फार थोडा आहे. अधूनमधून कॅमेऱ्यात नोंद होते आणि 2025 च्या अखेरीस ताडोबातून एक वाघीण आणून चांदोलीच्या बाजूला सोडण्यात आली. वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड आहे.

अर्ध्याहून अधिक चढल्यावर एक वाट नागेश्वरकडे फुटते. ती गुहा आणि सुळका वेगळ्या दिवसाचा विषय आहे. आम्ही उजवीकडे वळलो. इथून उंच झाडं विरळ होत गेली आणि कारवी लागली, माणसाच्या डोक्यावरून जाणारी. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग मरते. तिच्या काठ्यांचे कुड विणून, त्यावर शेण-माती लिंपून या खोऱ्यातली घरं उभी राहायची. कारवीतून बाहेर पडलो तर डोक्यावर एकदम ऊन, पायांखाली खोदीव पायऱ्या आणि समोर पडका दरवाजा.

गडावर बांधकाम फारसं उरलेलं नाही. बिनछपराचा मारुती, वाड्याची जोती, चुन्याचा घाणा, पाण्याचं टाकं, महादेवाचं मंदिर आणि उत्तरेकडची माची. गडाची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातली मानतात. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, त्यानंतर काही वर्षांत वासोटा स्वराज्यात आला. इतक्या दुर्गम जागी कैदी ठेवणं सोयीचं, म्हणून हा तुरुंगाचा गड झाला. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनाही इथे ठेवलं होतं असं सांगतात. पेशवाईच्या उत्तरकाळात ताई तेलिणीने पंतप्रतिनिधींच्या बाजूने हा गड लढवला, समोर बापू गोखले होते. एका तेलिणीने पेशव्यांच्या सेनापतीला इथे झुंजवलं, ही गोष्ट सातारा भागात अजून अभिमानाने सांगतात आणि मामांनीही ती सांगितली, वाड्याच्या जोत्यावर बसून, भाकरी सोडता सोडता.

जेवण तिथेच झालं. गावातून बांधून आणलेल्या नाचणीच्या भाकऱ्या, झुणका, लसणाची चटणी, कांदा.

मग आम्ही दक्षिणेच्या टोकाला गेलो, बाबूकड्यावर. इथे जमीन अक्षरशः संपते. डावीकडून उजवीकडे वळलेला प्रचंड अर्धगोल कडा, खाली हिरवाकाळा तळ आणि पलीकडे त्याच उंचीचा जुना वासोटा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलेल्यांना याच्या घडणीची कल्पना येईल. जुन्या वासोट्यावर आता वाट नाही, रानच आहे. पण 1818 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी तोफा चढवल्या त्या त्याच डोंगरावर. तिथून केलेल्या माऱ्यापुढे गड टिकला नाही. छत्रपती प्रतापसिंहांचा परिवार तेव्हा गडावर होता आणि हंटर आणि मॉरिसन हे पेशव्यांनी पकडलेले दोन इंग्रज अधिकारीही. किल्ल्याची अडचण कड्यावर उभं राहिल्यावर आपोआप कळते: समोर तेवढ्याच उंचीचा डोंगर आहे आणि मध्ये फक्त हवा.

मला मात्र इथे इतिहासापेक्षा दुसरं काही दाखवायचं होतं. मुलींना कड्यापासून दहा पावलं मागे बसवलं आणि आधी पूर्वेला बघायला सांगितलं. झाडीच्या पलीकडे शिवसागर, सकाळी ज्यावरून आलो तो. मग पश्चिमेला. तिथे कोकण, हजारभर मीटर खाली. चोरवण्याकडची शेतं, खेड तालुक्यातले डोंगर, रसाळगड-सुमारगड-महिपतगडाची रांग. पाणी एका बाजूला उंचावर आणि दुसऱ्या बाजूला खोल जमीन, मध्ये ही एवढीशी भिंत. कोयना प्रकल्पाचं सगळं मर्म इथून एका नजरेत दिसतं.

ही नदी पूर्वेला वाहणारी, तिचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जायचं. इंजिनिअरांनी तिला धरणाने अडवलं आणि सह्याद्रीच्या पोटातून बोगदे खणून पाणी पश्चिमेला उतरवलं. पोफळीजवळ डोंगराच्या आत कोरलेल्या वीजगृहात ते सुमारे 475 मीटर खाली कोसळतं आणि जनित्रं फिरवतं. ते पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात येतं, तिथे पुन्हा वीज होते आणि मग ते वाशिष्ठीतून चिपळूणवरून दाभोळला अरबी समुद्रात जातं. चारही टप्पे मिळून सुमारे 1960 मेगावॅट. 1999 आणि 2012 मध्ये तलावाच्या तळाला खालून बोगदा भिडवून, शेवटचा खडक स्फोटाने फोडून पाणी आत घेतलं गेलं, त्याला लेक टॅपिंग म्हणतात. संध्याकाळी सगळीकडे एकदम दिवे लागतात, तेव्हा मागणी अचानक चढते. कोळशाच्या भट्टीला लगेच जोर येत नाही, पाण्याचं चाक काही मिनिटांत फिरतं. महाराष्ट्राची ती वेळ गेली साठ वर्षं कोयना सांभाळते आहे.

‘‘म्हणजे मामांचं गाव आपल्या घरातल्या दिव्यात गेलं,’’ थोरली म्हणाली. मी काही जोडलं नाही.

मामांनी आणखी एक आठवण सांगितली, आईकडून ऐकलेली. 11 डिसेंबर 1967, पहाटेची वेळ. भांडी पडली, गुरं दावी तोडून सुटली, लोक थंडीत अंगणात बसून राहिले. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे 180 माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं आणि पुढे त्याला आधार देऊन भक्कम केलं. धरणात साठवलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, या विषयावर जगात कुठेही बोलणं निघालं तरी कोयनेचं नाव घेतल्याशिवाय ते पुढे जात नाही. त्या भागात लहान धक्के आजही बसतात.

दीडच्या सुमाराला मामांनी उठवलं. उतरताना गुडघे बोलतात. पाल्याखालचे दगड सरकतात, म्हणून पाऊल आडवं टाकायचं आणि पुढच्या माणसापासून दोन हात अंतर ठेवायचं. साडेतीनच्या आत नाक्यावर पोचलो, बाटल्या मोजून दिल्या, पैसे परत घेतले आणि लाँचमध्ये बसून पाय पसरले.

मुनावळ्याला उतरलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. कयाकचा विचार सोडून चहा घ्यावा असं भावाला वाटत होतं, मुलींनी ऐकलं नाही. दोन दोघांच्या कयाक घेतल्या. या वरून उघड्या, प्लॅस्टिकच्या, बसकट नावा असतात. उलटल्या तरी माणूस आत अडकत नाही, म्हणून नवख्यांना याच देतात. शिकवणारा मुलगा जवळच्याच वाडीतला. त्याने काठावर दहा मिनिटं सगळं कोरडं करून घेतलं आणि ते फार कामाचं ठरलं.

वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. हात खांद्यापेक्षा जरा रुंद ठेवून धरायचं. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी येताच बाहेर काढायचं. त्याहून मागे ओढत नेलं की नाव पुढे जायच्या ऐवजी वळते. जोर दंडाचा नाही, पाठीचा. कंबरेपासून अंग वळवलं की पाठीचे मोठे स्नायू कामाला लागतात आणि हात दुखत नाहीत. वजनदार माणूस मागे, कारण दिशा मागून सांभाळली जाते. पुढच्याने ठेका धरायचा, मागच्याने तोच उचलायचा. उजवीकडे वळायचं तर डावीकडे लांब, रुंद फटका. नाव उलटली तर काठाकडे पोहत सुटायचं नाही, नाव धरून राहायचं. ती बुडत नाही आणि लांबून दिसते.

दिवसभर चालून पाय बोजड झालेले असताना हा व्यायाम सुखाचा वाटतो, कारण सगळं काम कमरेच्या वरचं. सकाळी जे पाणी लाँचमधून नुसतं पार केलं होतं, ते आता मांडीला लागून होतं. इंजिन नसल्यामुळे पाण्याचे स्वतःचे आवाज ऐकू येऊ लागले. पात्यावरून थेंब गळतात, नावेच्या पोटाखाली लाट चुटचुटते, लांबच्या काठावर कुणी गुरांना हाकारतं. काठाजवळ उथळ पाण्यात जुन्या झाडांचे काळे बुंधे होते. त्यांतल्या एकावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता, दुसऱ्याच्या वर कवड्या धीवर हवेत एका जागी फडफडत होता आणि मग दगडासारखा पाण्यात सुटला. धाकटी वल्हं मांडीवर ठेवून पाण्यात बघत होती. मग तिने विचारलं, ‘‘आत्या, मामांचं गाव इथेच का गं?’’ तिथे नव्हतं, ते जरा वर, उत्तरेला. पण आमच्या खाली कुणाचं तरी शेत नक्की होतं.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दुपारनंतर या दरीत वारा उठतो आणि तलाव लांबट असल्यामुळे तो पाण्यावरून बेफाम पळतो. जाताना पाठीवर असलेला वारा येताना छातीवर घेऊन वल्हवावं लागतं. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडाला जावं, दमल्यावर वारा पाठीशी ठेवून परतावं. शिकवणाऱ्याने आखून दिलेली हद्द सोडू नये. पाणी काठापासून थोड्याच अंतरावर अतिशय खोल आहे, कारण ही मूळची दरी आहे, तळं नाही.

केंद्रावर जोरदार मोटारीच्या नावाही आहेत आणि त्यांना गर्दीही असते. माझं मत स्पष्ट आहे: या पाण्याला वल्हं शोभतं. समोरचा काठ अभयारण्याचा आहे, संध्याकाळी तिथे जनावरं पाण्यावर येतात. एका मोटारीचा आवाज या दरीत केवढा घुमतो ते आम्ही सकाळी ऐकलं होतं. गावातल्या मुलांना रोजगार मिळाला पाहिजे, त्यात दुमत नाही. तो वल्ह्यावर, वाटाड्यांवर आणि घरगुती जेवणावर उभा राहू शकतो आणि तो जास्त काळ टिकेल.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गड बंद असतो आणि उन्हाळ्यात गोचिडी फार. शनिवार-रविवार टाळा. लाँच आठ-साडेआठला सुटेल असं पाहा, म्हणजे साताऱ्यात आदल्या रात्री मुक्काम हवा. लाँचचं भाडं पूर्ण नावेचं असतं, त्यामुळे दहा-बारा जण असाल तर परवडतं. नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. प्रत्येकाने तीन लिटर पाणी, ओळखपत्र, लांब बाह्यांचा सदरा, घट्ट तळव्याचे बूट आणि कयाकसाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड घ्यावा. फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. गाण्यांचे स्पीकर घरी ठेवा. वाटाड्या त्याच खोऱ्यातला घ्या, मजुरीत घासाघीस करू नका आणि लाँचमध्ये बसल्यावर त्याला त्याचं गाव कुठे होतं ते विचारा.